रिप्रो पार्ट बसत नाही? आधी जुना पार्ट डब्यातून काढा

जुन्या गाडीसाठी नव्याने बनवलेला, म्हणजे रिप्रो, इलेक्ट्रिकल पार्ट बसत नाही म्हणून कोणी विचारायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुना कुठे आहे? निम्म्या वेळा उत्तर मिळतं, "तो टाकून दिला." तिथे माझा जीव हळहळतो. जुना पार्ट जळलेला असो, तडकलेला असो, गंजून काळा पडलेला असो, त्या जागी तो कधीकाळी नीट बसत होता आणि चालत होता. भोकं किती अंतरावर, आटे कोणते, टर्मिनल किती रुंद, तार कुठल्या बाजूने बाहेर पडते, ही सगळी मापं त्याच्या अंगावर आहेत. नवा पार्ट लावून गाडी हजारभर किलोमीटर पळेपर्यंत जुना डब्यात ठेवा, आणि डब्यावर पार्टाचं नाव व जागा लिहा.

मी पंचवीस वर्षं मोटारींचं वायरिंग करतोय. त्यातलं बरंचसं काम १९५० ते १९७० च्या दरम्यानच्या ब्रिटिश गाड्यांवर, म्हणजे ल्युकस या इलेक्ट्रिकल पार्ट बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या मालावर झालं. म्हणून इथली उदाहरणं त्या गाड्यांची आहेत, आणि बरीचशी माझ्या स्वतःच्या १९६६ च्या मॉरिस मायनर १००० मधली. तपासायची रीत मात्र कोणत्याही जुन्या गाडीला चालते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. घट्ट बसणारा पार्ट त्रास देतो, पण फसवत नाही. तो आत जात नाही, तुम्ही थांबता, बघता, विचार करता. घात करतो तो सैल बसणारा. तो पहिल्या झटक्यात आत जातो, दिवा लागतो, आपण खूश होऊन पुढच्या कामाला लागतो. तीन महिन्यांनी रात्रीच्या प्रवासात तो तापायला लागतो. म्हणून मी 'बसतच नाही'पेक्षा 'जरा जास्तच सहज बसला' यावर अधिक बोलणार आहे.

चूक पार्टाची की गाडीची

कानस हातात घेण्याआधी जुना पार्ट त्याच जागी पुन्हा लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. जुना बसला आणि नवा बसला नाही, तर दोष नव्याचा. जुनाही बसला नाही, तर दोष गाडीत आलाय, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच दुरुस्तीत आलेला असतो. पावडर कोटिंग केलं की भोक ०.१ ते ०.२ मिलिमीटरने लहान होतं. ब्रॅकेट ठोकून सरळ करताना किंचित वाकडं राहतं. नवा पत्रा वेल्ड करताना भोकाची जागा सरकते.

माझ्या मायनरमध्ये हेडलाइटचा डिप स्विच पायाने दाबायचा, जमिनीवर बसवलेला आहे. नवा स्विच आणला तर एक स्क्रू लागायचा, दुसऱ्याचं भोक तीन मिलिमीटर बाजूला. स्विच बनवणाऱ्याचीच चूक असं मी धरून चाललो होतो. मग जुना काढून लावला, तोही तसाच बाजूला. जमिनीचा पत्रा आम्ही बदलला होता, तिथेच गडबड होती. अशा वेळी दीड मिलिमीटर पत्र्याची छोटी पट्टी करा, तिला स्विचच्या मापाची भोकं पाडा, आणि ती पट्टी गाडीच्या भोकांना बसवा. गाडीत तिसरं भोक पाडू नका. गाडीला पाडलेलं भोक कायमचं राहतं, पट्टी कधीही काढता येते.

दोष नव्या पार्टाचाच निघाला, तर कानस लावायला हरकत नाही, पण फक्त पकडण्याच्या पत्र्याला. वीज जिथून जाते त्या पितळेला किंवा कथलाच्या मुलाम्याला कानस लावायची नाही, आणि बेकलाइटला, म्हणजे त्या काळच्या कडक, ठिसूळ प्लॅस्टिकला, तर नाहीच. मुलामा गेला की तिथे काळपटपणा धरतो. बेकलाइटला कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली की ती थरथराटाने वाढत जाते.

बुलेट, स्लीव्ह आणि फ्यूज

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे आलेल्या अर्ध्याहून जास्त तक्रारी शेवटी इथेच येऊन थांबल्या.

मायनरचं नवं वायरिंग टाकल्यावर पहिले दोन महिने सगळं छान होतं. मग एका रात्री डावा हेडलाइट खड्ड्यात मिचकायला लागला. घरी येऊन बॉनेट उघडलं तर पुढच्या जाळीमागे जळक्या रबराचा वास. निळ्या-लाल तारेवरची स्लीव्ह हाताला गरम लागत होती. बुलेट म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेली पितळी गोळी. स्लीव्ह म्हणजे दोन तारांच्या टोकांचे बुलेट ज्यात समोरासमोर घुसतात ती रबरी नळी, आत धातूची पन्हळ. बुलेट धरून ओढला तर दोन बोटांनी अलगद बाहेर आला. तो असा येता कामाच नये. नीट बसलेला ल्युकसचा बुलेट आत ढकलायला पक्कड लागते, आणि बसताना 'टक्' असं बोटांना जाणवतं.

व्हर्नियर कॅलिपर लावला. जुन्या वायरिंगच्या कापून ठेवलेल्या तुकड्यावरचा बुलेट ४.७ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा ३/१६. नवा ४ मिलिमीटरला जरासा कमी. ते जपानी गाड्यांत चालणारं माप आहे. दोन्ही बुलेट, दोन्ही पितळी, शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणारही नाही. वायरिंग बनवणाऱ्याने मिळतील ते बुलेट लावले होते, आणि स्लीव्ह मात्र ४.७ च्या मापाची दिली होती. मीटर लावला तेव्हा दिवा चालू असताना त्या एका जोडावर ०.८ व्होल्ट पडत होते. ४५ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर सुमारे पावणेचार अँपियर लागतात. म्हणजे हरभऱ्याएवढ्या जागेत तीन वॅटची उष्णता सतत साचत होती. वर दिवाही मंद: बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो.

तेव्हा नव्या हार्नेसवरचा, म्हणजे तयार बांधून आलेल्या वायरिंगवरचा, प्रत्येक बुलेट मोजा. एक मोजून बाकीचे गृहीत धरू नका, एकाच हार्नेसमध्ये मला दोन मापांचे सापडलेत. बुलेट चुकीचा असेल तर स्लीव्ह चेपून घट्ट करायचा मोह टाळा. चेपलेली पन्हळ दोन ठिकाणीच टेकते, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सैल होते. बुलेट कापा, योग्य मापाचा लावा. एक मिलिमीटर वर्गाच्या तारेला, म्हणजे ०.३० मिलिमीटरचे १४ तंतू असलेल्या तारेला, लहान छिद्राचा बुलेट लागतो. २८ तंतूंच्या दोन मिलिमीटर वर्गाच्या तारेला मोठ्या छिद्राचा. बाहेरचं माप दोघांचंही ४.७ च. मी बुलेटला डाख देतो: तंतू टोकाच्या छिद्रातून डोकावतील इतकी तार आत सरकवायची, टोकावर कथिल ठेवायचं, ते आत ओढलं गेलं की लगेच डाखायची इस्त्री बाजूला. जास्त वेळ धरली की कथिल तारेत वर चढतं, तिथे तार कडक होते आणि पुढे तिथेच तुटते.

स्लीव्हचीही परीक्षा घ्या. रबर मागे सारून आतल्या पन्हळीला चुंबक लावा. चिकटला तर आत मुलामा दिलेलं लोखंड आहे, आणि ओलाव्यात ते गंजणार. मी अशा स्लीव्ह वापरत नाही, विशेषतः चाकांजवळ आणि पुढच्या जाळीमागे. चुंबकाची हीच परीक्षा चपट्या टर्मिनलला आणि फ्यूजच्या चिमट्यांनाही चालते. पितळ आणि तांबं चुंबकाला ओळख देत नाहीत.

फ्यूजचं दुखणं वेगळं, पण नातं तेच. ल्युकसचा काचेचा फ्यूज साधारण २९ ते ३० मिलिमीटर लांब असतो. अमेरिकी मापाचा ३२ मिलिमीटर. जाडी दोघांची सारखी, ६.३ मिलिमीटरच्या आसपास. काही नव्या फ्यूजबॉक्समध्ये चिमटे ३२ च्या हिशेबाने लावलेले असतात. त्यात जुना फ्यूज घातला तर दोन्ही टोप्या जेमतेम काठावर टेकतात. फ्यूज बोटाने त्याच्याच आसाभोवती फिरवून बघा. तेलात फिरल्यासारखा गुळगुळीत फिरला तर पकड नाही. थोडा अडत, खरवडत फिरला पाहिजे. आणि चिमट्याचे दोन्ही गाल टोपीला टेकतात का, ते टॉर्च लावून बघा.

लांबीचं जमवायला कोणी ३२ चा फ्यूज आणून घातला, तर त्याहून मोठा धोका होतो. ल्युकसच्या फ्यूजवर '३५' लिहिलेलं असतं तो वितळण्याचा आकडा. सतत वाहायची मर्यादा सुमारे १७ अँपियर. अमेरिकी फ्यूजवरचा आकडा मात्र सतत वाहण्याचा. म्हणजे ३५ च्या जागी अमेरिकी ३५ लावला, तर तारेला तिच्या दुप्पट भार सोसावा लागेल आणि फ्यूज शांत बसेल. अमेरिकी घालायचाच असेल तर १५ किंवा २० चा घाला. हे मी दर वेळी दोनदा सांगतो, कारण इथे चूक झाली तर गाडी जळते.

आटे

जुन्या ब्रिटिश इलेक्ट्रिकल पार्टांत बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असतात. नव्यात बऱ्याचदा मेट्रिक. फसवणूक कुठे होते ते बघा: २ बी.ए. चा स्क्रू ४.७ मिलिमीटर जाड, आट्यांमधलं अंतर ०.८१. मेट्रिक एम ५ चा ५ मिलिमीटर जाड, अंतर ०.८०. ४ बी.ए. ३.६ जाड, अंतर ०.६६. एम ४ चा ४ जाड, अंतर ०.७०. जुना आणि नवा स्क्रू एकमेकांत अडकवून उजेडाकडे धरले, तर आटे जुळल्यासारखे दिसतात. जाडी मोजली की कळतं. एम ५ च्या नटात २ बी.ए. चा स्क्रू छान फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि शेवटच्या पाव फेऱ्यात आटे घेऊन बाहेर येतो. टर्मिनलवर हे झालं तर तो जोड कधीच घट्ट नव्हता. म्हणून पार्टाबरोबर आलेले स्क्रू-नट त्याच पार्टाबरोबर ठेवा, बरण्यांत मिसळू नका.

ऑइल प्रेशर आणि तापमानाच्या सेंडरचीही, म्हणजे इंजिनात बसून मीटरच्या काट्याला माहिती देणाऱ्या पार्टाचीही, हीच गोष्ट. १/८ बी.एस.पी. (ब्रिटिश पाइप आटे) चे इंचाला २८ आटे, बाहेरची जाडी सुमारे ९.७ मिलिमीटर. १/८ एन.पी.टी. (अमेरिकी पाइप आटे) चे इंचाला २७, जाडी सुमारे १०.३, आणि तो टोकाकडे निमुळता. हाताने दीड फेरा फिरून अडला की पान्हा लावू नका. काढा, जुन्याशेजारी ठेवून त्याच जागी मोजा. इंजिन ब्लॉकमधले आटे गेले तर ते सेंडरपेक्षा फार मोठं काम आहे. एकतारी सेंडरला अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, आट्यांतूनच मिळते, हेही ध्यानात असू द्या. आट्यांवर पांढरी टेप दाबून गुंडाळली असेल तर सेंडरच्या अंगापासून ब्लॉकपर्यंत मीटर लावून बघा, ओहम जवळजवळ शून्य आले पाहिजेत.

डिस्ट्रिब्यूटरच्या आत

डिस्ट्रिब्यूटर कॉइलची ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो, आणि रोटर हा त्यातला फिरणारा तुकडा. रोटर शाफ्टवर बसवला की किंचित प्रतिकार जाणवला पाहिजे, आणि बसल्यावर डावीकडे-उजवीकडे हलवला तर नावापुरता खेळ. लटपटत असेल तर परत करा. कॅप लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, कॅप काढा आणि आतल्या पितळी खुंट्यांवर ताजी चकाकती खरवड दिसते का बघा. दिसली तर रोटर घासतोय. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबल्यावर स्वतःहून परत यायला हवा.

काही नव्या रोटरमध्ये दोष आकारात नसतो, मालात असतो. मधली रिव्हेट खोल गेलेली असते किंवा प्लॅस्टिक ठिणगीला अडवत नाही, आणि ठिणगी प्लगकडे न जाता शाफ्टमधून अर्थला जाते. परीक्षा सोपी आहे. कॅप काढा, कॉइलकडून येणारी जाड तार इन्सुलेटेड पकडीने धरून रोटरच्या पितळी माथ्यापासून सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. पहिली एखादी फिकट ठिणगी चालेल. टकटक टकटक अशा ठिणग्या पडत राहिल्या तर तो रोटर फुटका आहे. गाडी थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर बंद पडते, अशा तक्रारीत मी ही परीक्षा कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी करतो.

पॉइंटचे, म्हणजे ठिणगीसाठी कॉइलची वीज तोडणाऱ्या जोडीचे, दोन्ही माथे एकमेकांवर सपाट टेकले पाहिजेत. तिरके असतील तर स्थिर बाजूचा पत्रा हळूच वाकवा, हलणारा हात कधीच नाही. ल्युकसच्या २५डी डिस्ट्रिब्यूटरला गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजते, तेव्हा गॅप पुन्हा मोजा. कंडेन्सरची आणि आतली तार या दोघींची टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत आणि खुंटीला टेकता कामा नयेत. मधली प्लॅस्टिकची टोपी जाड-बारीक आली की हीच गडबड होते. जुना कंडेन्सर चालत असेल तर तो बदलूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगाला जुळतो, विजेला जुळत नाही

माझ्या मायनरला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांना तसंच असायचं. इंडिकेटर मिचकवणारा नवा फ्लॅशर दिसायला तोच गोल डबा, तीच टर्मिनल, पण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल तर ते उलट्या अर्थवर जळतं किंवा गप्प बसतं. जुन्या गरम पत्तीच्या फ्लॅशरला दिशेशी देणंघेणं नसतं. कॉइलवर पूर्वी एस.डब्ल्यू. (स्विचकडचं टोक) आणि सी.बी. (पॉइंटकडचं टोक) लिहिलेलं असायचं, आता प्लस-मायनस असतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार प्लसला लावायची. उलट लावली तरी इंजिन चालू होतं, म्हणून चूक लपून राहते, फक्त ठिणगी दुबळी होते.

चार पायांचा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) घालत असाल तर अंगावरचं चित्र वाचा. एकाच आकाराच्या दोन तऱ्हा मिळतात, त्यांत ३० आणि ८६ क्रमांकाच्या पायांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. आत डायोड असेल तर ८५ आणि ८६ चीही दिशा पाळावी लागते.

मागच्या दिव्यांचे रिप्रो सेट छान दिसतात, पण त्यांचा अर्थ स्क्रूमधून येतो आणि तुम्ही तर बॉडीला नवा रंग दिलाय. इंडिकेटर लावला की टेललाइट मिणमिणतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अडखळतो, ही त्याची खूण. रंग खरवडायचा माझा जीव होत नाही. मी होल्डरच्या अंगापासून वेगळी काळी तार आत घेतो आणि गाडीच्या मूळच्या अर्थ स्क्रूला जोडतो. २१/५ वॅटच्या होल्डरमध्ये दोन खाचा वेगवेगळ्या उंचीवर आहेत ना, तेही बघून घ्या. नाहीतर बल्ब उलटा बसतो आणि ब्रेक दाबल्यावर ५ वॅटचाच दिवा लागतो.

वीज देताना

नवा पार्ट बसला, सगळे जोड झाले, तरी बॅटरी सरळ जोडू नका. बॅटरीचं अर्थचं टोक आणि तिची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब टाका. सगळे स्विच बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि त्या तारेतून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही. एकेक जोड सोडत जा, बल्ब विझेल तिथे दोष. विझलेलाच राहिला तर एकेक स्विच चालू करून बघा, मग बल्ब काढून केबल जोडा.

त्यानंतर मीटर २० व्होल्टवर ठेवा आणि भार चालू असताना मोजा. दिव्याच्या अंगापासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अर्थ कच्चा. बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या टर्मिनलपर्यंत ०.५ पेक्षा जास्त असेल तर वाटेत कुठलातरी जोड सैल. अर्ध्या वाटेवरच्या बुलेटपाशी सुई टेकवा, मग त्या अर्ध्याच्या अर्ध्यावर, चार-पाच वेळांत जागा सापडते. पॉझिटिव्ह अर्थवर आकड्यापुढे वजा चिन्ह येईल, त्याने गोंधळू नका, आकडाच बघा.

रात्री हेडलाइट लावून अर्धा तास गाडी चालवा. परत आल्यावर दिवे चालूच ठेवा, बॉनेट उघडा, आणि प्रत्येक स्लीव्हला, फ्यूजच्या दोन्ही टोकांना, स्विचच्या मागच्या टर्मिनलला बोटाने स्पर्श करत जा. भोवतीच्या तारेपेक्षा जो जोड उबदार लागेल त्याला रंगीत दोरा बांधा आणि सकाळी तोच आधी उघडा.